जुना शेअर, नवा पैसा

नैतिक गुंतवणुकीवरची आपल्याकडची चर्चा एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: 'ईएसजी' (पर्यावरण, समाज आणि कारभार हे निकष पाहणाऱ्या) फंडांनी परतावा जास्त दिला की कमी? समर्थक म्हणतात, सचोटीच्या कंपन्या दीर्घ मुदतीत जास्त कमावतात. विरोधक म्हणतात, तेलाचे भाव चढले तेव्हा हेच फंड मागे पडले. दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील. पण फायदा दिसला तर सचोटी धरायची आणि तोटा दिसला की सोडायची, असेच असेल तर यात नीतीचा प्रश्न आला कुठे? मी एखाद्या कंपनीचा शेअर घेतला किंवा विकला, तर तिच्या खाणीत, कारखान्यात, तिच्या सांडपाण्याच्या नदीकाठी नेमके काय बदलते, हे विचारायला कोणी तयार नाही.

कायद्याच्या चौकटीत राहून नफा कमावणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले. पण ते कायदे घडवण्यातच कंपन्यांचा हात असतो, हे त्या मांडणीत बसत नाही. कंपन्यांच्या ईएसजी गुणांकनावर विसंबणाऱ्यांना फोक्सवॅगनचे उदाहरण पुरे. २०१५ च्या ज्या सप्टेंबरात तिचा डिझेल घोटाळा उघडकीला आला, त्याच महिन्यात डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने तिला वाहन उद्योगात अव्वल ठरवले होते.

एक मत मात्र असे झटकून टाकता येत नाही, कारण ते मांडणारी माणसे कळवळ्याने बोलतात. ती म्हणतात, वाईट कंपनीचे शेअर विकून मोकळे व्हा. मला हाच मार्ग सर्वांत फसवा वाटतो.

२०२१ मध्ये अँग्लो अमेरिकन या बड्या खाण कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या कोळसा खाणी वेगळ्या काढल्या, त्यांची थुंगेला नावाची कंपनी केली आणि तिचे शेअर आपल्याच भागधारकांना वाटले. कोळसा नको असलेल्यांनी ते लगेच विकायला काढले, भाव पडला. पुढच्या वर्षी युक्रेनच्या युद्धाने कोळसा महागला आणि तोच शेअर कित्येक पटींनी वर गेला. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीतला वाटा अँग्लो आणि बीएचपी या खाण कंपन्यांनी विकला, ग्लेनकोर या तिसऱ्या खाण कंपनीने तो घेतला. २०२४ मध्ये आपला कोळसा व्यवसाय वेगळा काढावा का, असे ग्लेनकोरने भागधारकांना विचारले, तेव्हा बहुतेकांचा कौल तो ठेवण्याकडे पडला. ज्यांना कोळसा खुपत होता, त्यांतले कित्येक केव्हाच उठून गेले होते.

यावर पहिले उत्तर येते की, विक्रीने भाव पडतो आणि भाव पडला की कंपनीला भांडवल महाग पडते. जी कंपनी दरवर्षी बाजारात हात पसरते, तिच्याबाबतीत यात काही तथ्य आहे. पण मोठ्या तेल कंपन्या आपल्याच नफ्यावर चालतात, वर स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेतात. भाव पाडून आपण त्यांची ती खरेदी स्वस्त करतो.

दुसरे उत्तर दक्षिण आफ्रिकेचे. विद्यापीठांनी, चर्चनी शेअर विकले आणि वर्णद्वेषी राजवट कोसळली, असे सर्रास सांगितले जाते. त्या चळवळीने जगाची सदसद्विवेकबुद्धी जागी केली, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्या बहिष्काराचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना शेअरच्या भावांवर फारसा परिणाम सापडला नाही. प्रिटोरियाच्या सरकारला घाम फुटला तो १९८५ मध्ये, चेस मॅनहॅटन बँकेने अल्प मुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले तेव्हा. इतर बँका मागोमाग गेल्या, रँड हे तिथले चलन कोसळले आणि सरकारला परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली.

तिसरे उत्तर विवेकाचे: पापाचा पैसा मला नको. याला माझा पूर्ण आदर आहे. तंबाखूचा लाभांश ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याने तो घेऊ नये. ते व्रत आहे. जगावरचा उपाय म्हणून ते खपवू नये. नॉर्वेच्या सरकारी निधीने २००७ मध्ये कारणांचा अहवाल जाहीर करून वेदांताचे शेअर सोडले. त्या अहवालाचे मोल मोठे आहे, आणि शेअर न विकताही ते तेवढेच राहिले असते. पण वेदांताला जिथे खाण खोदायची होती, तो नियमगिरीचा डोंगर वाचवला तो २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, ओडिशातल्या बारा ग्रामसभांनी.

म्हणून भेद करायचा तो चांगल्या आणि वाईट कंपनीत नव्हे, जुन्या शेअरमध्ये आणि नव्या पैशात. बाजारातला शेअर जुना असतो. त्याचे पैसे मला देतो तो दुसरा गुंतवणूकदार, कंपनीच्या तिजोरीला त्याचा स्पर्शही होत नाही. नवा पैसा म्हणजे कर्ज, कर्जरोखे, नवी भागविक्री. तिथे नकाराला धार असते. ऑस्ट्रेलियातल्या कारमायकेल कोळसा खाणीपासून बड्या बँका दूर राहिल्या, तेव्हा अदानींनी २०१८ मध्ये ती स्वतःच्या पैशावर आणि मूळ आराखड्यापेक्षा खूप लहान करायचे ठरवले. खाण झालीच, पण नकाराने तिचा आकार कापला.

जुन्या शेअरचे बळ मतात असते. मे २०२१ मध्ये एक्सॉन या तेल कंपनीच्या वार्षिक सभेत 'इंजिन नंबर वन' या छोट्या फंडाने संचालक मंडळासाठी आपले उमेदवार उभे केले. त्याचा वाटा ०.०२ टक्के. कंपनीने सभा मध्येच तासभर थांबवली, तोवर मते येतच होती. शेवटी त्याचे तीन संचालक निवडून आले. एक्सॉन यामुळे सुधारली नाही. पुढे तिने पायोनियर ही तेल कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरला घेतली. एका निवडणुकीने अशी कंपनी बदलत नाही, हे खरेच. पण २०२४ मध्ये याच एक्सॉनने हवामानाचा ठराव मांडणाऱ्या दोन भागधारकांना कोर्टात खेचले आणि त्यांनी ठराव मागे घेतल्यावरही खटला महिनोन्‌महिने रेटला. शेअर विकून निघून गेलेल्यावर कोणतीही कंपनी खटला भरत नाही. तिला भीती आत बसून मत देणाऱ्याची वाटते.

आपल्याकडे सेबीने म्युच्युअल फंडांना मतदान आणि त्याची कारणे जाहीर करणे बंधनकारक केले आहे. ते तक्ते वाचतो कोण? फंडामार्फत परदेशी शेअर घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदाराचे मत तर तिकडचा व्यवस्थापकच देतो. त्याला परताव्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: गेल्या वर्षी तुम्ही कोणाचे कर्जरोखे नाकारलेत? आणि कोणत्या संचालकाविरुद्ध मत दिलेत? ज्याला एकाचेही उत्तर देता येत नाही, त्या फंडाने आपल्या नावातून 'शाश्वत' हा शब्द काढून टाकावा.