हात त्यांचा, आधार आपला

आजाऱ्याची सेवा करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. पण सेवा म्हणजे नेमके काय? आजाऱ्याचे सर्व काही आपण करून देणे म्हणजे सेवा, की त्याला जे जमेल ते त्याला करू देणे म्हणजे सेवा? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या घरातच उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आम्ही भावंडांनी ठरवले, बाबांना काडीचाही त्रास होऊ द्यायचा नाही. भरवणे, आंघोळ, दाढी, कपडे, सगळे आम्हीच करायचो. भेटायला येणारे म्हणायचे, "अशी मुले मिळायला नशीब लागते." ऐकून आम्हाला बरे वाटायचे. बाबा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई घरी आल्या. मराठीत त्यांना व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात. ते नाव ऐकून आम्हाला वाटले, या वयात बाबांना आता कसला व्यवसाय शिकवणार? पण येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. उठणे, तोंड धुणे, जेवणे, संडासला जाणे, वाडीत फेरी मारणे, म्हणजे माणूस दिवसभर ज्या कामांत गुंतलेला असतो ती सगळी कामे. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः हातापायांची ताकद आणि हालचाल पाहतात. या बाई पाहतात की, आहे त्या ताकदीत, आहे त्या घरात, माणसाला आपले कोणते काम पुन्हा करता येईल.

बाईंनी बाबांना विचारले, "काका, तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करावेसे वाटते?" उत्तर मीच दिले, "त्यांना काही करावे लागत नाही, आम्ही आहोत ना." बाई हसल्या आणि पुन्हा बाबांकडे वळून थांबल्या. शब्द जुळवायला बाबांना वेळ लागला. मग म्हणाले, "शर्ट. फादर येतात तेव्हा."

पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन घरी येत. त्या दिवशी बाबांना आपल्या हाताने शर्ट घालून बसायचे होते. तीन महिने आम्ही त्यांच्यासाठी इतके केले, पण हे एक विचारले नव्हते.

बाईंनी शिकवले ते अगदी साधे होते. लुळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला हात नंतर. काढताना उलट, चांगला हात आधी आणि लुळा शेवटी. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, खांद्याला इजा होते. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. ताट सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल घातला. न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसवली, बसून आंघोळ करायला स्टूल ठेवले. वाटेतली पायपुसणी उचलली आणि रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवला.

पहिल्या दिवशी शर्ट घालायला बाबांना २५ मिनिटे लागली. मी तेच काम २ मिनिटांत करत होतो. समोर नुसते बसून राहणे मला जड गेले. दोनदा माझा हात पुढे गेला आणि दोनदा बाईंनी नजरेने थांबवला. तेव्हा मला कळले की माझ्या सेवेत प्रेम होतेच, पण घाईही होती. आणि लोक आपल्याला चांगला मुलगा म्हणतात, याचे सुखही होते.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेतील जॉर्ज बार्टन हे वास्तुशिल्पी होते. त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला पुन्हा उभे केले. १९१७ साली त्यांच्याच घरी या क्षेत्रातील पहिली संघटना स्थापन झाली. आपल्याकडे, अमेरिकेत जन्मून भारताच्या सून झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू केले. तरीही आपल्यापैकी किती जणांना अशी मदत घरी येऊन मिळते, हे ठाऊक आहे?

शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस पडून होता. येशूने आधी त्यालाच विचारले की बरे व्हायची इच्छा आहे का. आणि बरे केल्यावर त्याचे अंथरूण येशूने उचलले नाही, शिष्यांनाही उचलायला सांगितले नाही. ते त्या माणसालाच उचलायला लावले. त्यात कठोरपणा नव्हता, त्या माणसाचा मान होता.

पण येथे एक धोका आहे. स्वावलंबनाचे असे कौतुक करताना आपण नकळत म्हणू लागतो की, जो स्वतःचे स्वतः करतो तोच मानाने जगतो. मग ज्याला काहीच करता येत नाही त्याचे काय? ज्या आजीला आपले नावही आठवत नाही, तिची किंमत कमी झाली का? मुळीच नाही. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या हातांच्या ताकदीवर अवलंबून नसते. ती देवाने दिलेली आहे आणि आजार ती काढून घेऊ शकत नाही. म्हणून आजाऱ्याला किती जमते हे आपण शेवटी पाहावे. आधी पाहावे की, त्याच्या आयुष्यात त्याचा शब्द अजून चालतो का.

हे आम्हाला पुढे नीट समजले. दीड वर्षाने बाबांना दुसरा झटका आला आणि त्यानंतर त्यांना स्वतःचे काहीच करता येईना. पुन्हा सगळे आम्हीच करू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला ते पहिल्या तीन महिन्यांसारखेच दिसले असते. पण आता शर्ट हातात घेतल्यावर आम्ही विचारायचो, "बाबा, पांढरा की निळा?" ते डोळ्यांनी दाखवायचे. उत्तर येईपर्यंत आम्ही थांबायचो.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत हे सेवेचे ओझे बहुतेक वेळा एकाच बाईवर पडते, सुनेवर किंवा लग्न न झालेल्या मुलीवर. तिला कुणी उचलायची, बसवायची पद्धत शिकवत नाही. मग तिची कंबर जाते, आणि चिडचिड झाली की तिलाच अपराधी वाटते. तिला शिकवणारे कुणी मिळाले, तर आजाऱ्याबरोबर तिलाही आधार मिळतो. पण घरी बोलावायचे तर पैसे लागतात, आणि ते सर्वांकडे नसतात. आपल्या धर्मग्रामात या विद्येचे शिक्षण घेतलेली मुले-मुली असतील, तर महिन्यातला एक रविवार ती देऊ शकतील का? औषधांसाठी आपण वर्गणी काढतो. न्हाणीघरातल्या एका दांडीसाठी काढू का?

या आठवड्यात आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या आजाऱ्याजवळ जरूर बसा. काही करायला हात पुढे करण्याआधी त्यांना एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.