थांबणे कोणावर फर्ज?

जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे आपल्या मुलांना मकतबात लहानपणीच शिकवले जाते. वस्तीतल्या काही लोकांनी ती अदा केली की सर्वांवरचा भार उतरतो. कोणीच केली नाही तर सारी वस्ती गुनाहगार ठरते. या व्याख्येची पुढची बाजू मात्र आपण सहसा शिकवत नाही. ते काम करू शकणारा माणूस एकच असेल, तर तीच जबाबदारी त्याच्यावर फर्ज-ए-ऐन होते. मग त्याची तिच्यातून सुटका नाही. रस्त्यात अडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणे यांपैकी कशात मोडते? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला दूर उत्तरेकडचा एक खडीचा रस्ता फार उपयोगी पडला.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, डॉसन सिटी गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर डेम्पस्टर महामार्ग सुरू होतो. १९५९ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९७९ साली तो पूर्ण झाला. आर्क्टिक वृत्त ओलांडून सुमारे ७३६ किलोमीटरवर तो इनुविक गावी पोहोचतो. २०१७ पासून तिथून पुढे समुद्राकाठच्या टुकटोयाकटुकपर्यंतही रस्ता झाला आहे. या वाटेवर जवळजवळ कुठेच डांबर नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली असते. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून चार ते आठ फूट जाडीचा खडीचा थर पांघरुणासारखा तिच्यावर घातलेला आहे. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात तराफा चालतो, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून गाड्या जातात. बर्फ धरताना आणि फुटताना मात्र दोन्ही बंद असते, तेव्हा वाटच तुटते.

या महामार्गाच्या सुरुवातीपासून पहिले पेट्रोल ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्स येथे मिळते. म्हणजे मुंबईहून निघालेल्या माणसाला जवळजवळ कोल्हापूर येईपर्यंत काहीच मिळू नये, असे झाले. अणकुचीदार खडीने टायर फाटतात, बहुतेक वाटेवर मोबाईल चालत नाही, हिवाळ्यात थंडी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरते. म्हणून तिथला रिवाज साधा आहे. गाडी उभी दिसली की थांबायचे आणि विचारायचे. समोरून गाडी आली की वेग कमी करायचा, कारण आपल्या चाकाखालचा दगड उडून तिची काच फोडू शकतो. मागून येणारा कोणी थांबेल, असे तिथे मनाला समजावता येत नाही. मागून येणारा कदाचित काही तासांनी येईल. त्या रस्त्यावर प्रत्येक वाटसरू हा एकटाच असतो, म्हणून त्याच्यावर थांबणे फर्ज-ए-ऐन होते.

या रस्त्याचे नावही असेच पडले आहे. डिसेंबर १९१० मध्ये फिट्झजेराल्ड नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची चौघांची तुकडी फोर्ट मॅकफर्सनहून कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन डॉसनला निघाली. वेग साधावा म्हणून त्यांनी शिधा कमी घेतला होता. वाट दाखवणाऱ्या स्थानिक ग्विचिन माणसालाही त्यांनी थोड्याच दिवसांत परत पाठवले. ते वाट चुकले आणि चौघेही मेले. फेब्रुवारी १९११ अखेर विल्यम डेम्पस्टर त्यांच्या शोधात निघाला. त्याने चार्ल्स स्ट्यूअर्ट हा ग्विचिन वाटाड्या सोबत घेतला. मार्चमध्ये त्यांना सापडली ती फक्त प्रेते. तरीही रस्त्याला नाव मिळाले ते शोधायला गेलेल्या माणसाचे.

कोणी म्हणेल, तिथले लोक थांबतात ते स्वार्थापोटी. आज मी थांबलो तर उद्या माझ्यासाठी कोणी थांबेल. मग यात नेकी कोणती? हा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. नियतीचा हिशेब अल्लाहकडे आहे. बर्फात अडलेल्याला प्रथम मदत लागते. शिवाय आपल्या दीनने वाटसरूला केवळ दयेवर सोडलेले नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत त्याचे नाव आहे. तो आपल्या गावी श्रीमंत असला तरी वाटेत अडला तर हक्कदारच. हक्क पोहोचवणाऱ्याने उपकाराचा आव आणायचा नसतो.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. इथे अपघात झाला की शंभर माणसे जमतात. जो तो समजतो, कोणीतरी फोन केला असेल. त्या ओसाड वाटेवर जे भान आपोआप येते, तेच आपल्या गर्दीत हरवते. आणि आपल्या माणसाच्या मनात एक जास्तीची भीती असते: पोलिसाने नाव विचारले तर? आपल्यावरच संशय आला तर? ही भीती खोटी आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण कायदा माहीत असणे आपले काम आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायद्याचे बळ दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले. २०२० च्या नियमांनुसार अशा माणसाला नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ही माहिती जुम्याच्या बयानात, शाळेच्या वर्गात, मोहल्ल्याच्या बैठकीत सांगितली गेली पाहिजे.

इनुविकमध्ये २०१० साली एक छोटी मशीद उभी राहिली. ती विनिपेगमध्ये बांधून ट्रकने आणि मग नदीतून बार्जवर सुमारे ४००० किलोमीटर नेण्यात आली. उन्हाळ्यात तिथे जवळजवळ दोन महिने सूर्य मावळत नाही, म्हणून रोजाच्या वेळा दूरच्या शहराच्या घड्याळावरून ठरवाव्या लागतात. ती मूठभर माणसे आपल्या इबादतीसाठी इतकी धडपडली. पुढे त्याच मशिदीच्या आधाराने अन्नपेढी सुरू झाली आणि तिचे दार सर्व धर्मांच्या गरजूंना उघडे राहिले.

फर्ज-ए-किफायाचा भार उतरतो तो काम प्रत्यक्ष झाल्यावर. ते झाले असेल, या नुसत्या समजुतीने उतरत नाही. त्यामुळे गर्दीतल्या माणसालाही पुढे जाण्याची मुभा आहे, पण एका अटीवर. कोणीतरी थांबले आहे, जखमीला उचलले आहे, फोन लागला आहे, याची त्याने आधी खात्री करून घेतली पाहिजे. ती खात्री होत नाही तोवर, शंभर माणसांत उभे असलो तरी, आपण त्या खडीच्या रस्त्यावरचे एकटे मुसाफिरच आहोत.