पाण्याची रेघ

मे महिन्यात भंडारदऱ्याच्या काठी तंबूची खुंटी ठोकायला हातोडी लागत नाही. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात. भेगेत टोक धरून वरून दाबलं की खुंटी वीतभर आत जाते. चिखलाची एखादी खपली उचलून पाहावी, तर खाली माती अजून गार, ओलसर. तिच्यात बोटाच्या पेराएवढा शिंपला सापडतो. रिकामा, पांढरा पडलेला.

इथे कोरड्यात शिंपला आला कुठून, असं क्षणभर वाटतं. मग उमगतं की आपण काठ समजून तंबू लावला, तो जलाशयाचा तळ आहे. पाणी काही महिन्यांपुरतं त्याच्यावरून उठून गेलं आहे.

हे एकदा कळलं की समोरच्या उतारावरच्या रेघा दिसायला लागतात. वर झाडी, खाली पाणी, मधे उघडा तांबूस पट्टा आणि त्या पट्ट्यावर एकाखाली एक आडव्या रेघा. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी उतरतं. आवर्तन बंद झालं की ते थबकतं. थबकलेल्या पाण्याची बारीक लाट दिवसभर, रात्रभर त्याच जागी मातीला लागत राहते आणि तिथे अरुंद पायरी कोरली जाते. भराभर उतरताना मात्र पाणी मागे काहीच ठेवत नाही. खूण थांबण्याची उरते, जाण्याची नाही.

हे पाणी डोंगरात आहे, पण डोंगरासाठी नाही. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं, १९२६ मध्ये पुरं झालं, ते खालच्या सपाटीवरच्या शेतीसाठी. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, लगेच इथे अडते. अकरा टीएमसी पाणी साठतं, आणि सोडतील तेव्हा ते संगमनेर-श्रीरामपूरकडे निघतं. पुढे नदी नेवासे तालुक्यात टोक्याला गोदावरीला मिळते. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण अशाच एखाद्या काठावरच्या वाडीत जन्मली असावी.

पाऊस लागला की सगळं उलटं होतं. घाटघर, रतनवाडी, पांजरे ही नावं पावसाच्या आकड्यांसह रोज बातमीत येऊ लागतात. रेघा खालून एकेक करून बुडतात. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी झाडीच्या मुळांशी पोचलेलं असतं. मग दसरा-दिवाळीच्या निवांत सकाळी होडीत बसून निघावं. वल्हं मारताना खाली नुसता हिरवट अंधार दिसतो. मे महिन्यातली तंबूची जागा बरोबर आपल्या खाली आहे, हे माहीत असून पटत नाही. वल्ह्यामागे पाण्यावर रेघ उमटते आणि पुढचं वल्हं पडायच्या आत मिटते. पाण्याने मातीवर ओढलेली रेघ धरण भरेपर्यंत तरी टिकते.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मागे टाकून रतनगड चढलं की नेढ्याच्या, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाच्या, वाऱ्यात उभं राहून सगळा जलाशय दिसतो. वरून पाहताना पाण्याचा आकार नकाशासारखा कायमचा वाटतो. उन्हाळ्यात वर गेलेला माणूस एक आकार मनात घेऊन उतरतो, हिवाळ्यात गेलेला दुसरा. दोघेही घरी जाऊन भंडारदरा पाहिला असंच सांगतात. खोटं कुणीच बोलत नाही.

माझा कल उन्हाळ्याकडे. लोक भरलेलं पाणी पाहायला येतात, आणि काजव्यांच्या दिवसांत तर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसतात कसे, देव जाणे. पण उतरलेल्या पाण्याशेजारी बसलं की जलाशयाचा जो भाग एरवी कुणाला दाखवला जात नाही, तो समोर येतो. बुडून राहिलेले झाडांचे काळे बुंधे. गाळात उमटून तसेच वाळलेले गुरांचे खूर. आणि त्या रेघा. एखादी ठळक, एखादी पुसट. कुठे पाणी किती काळ थांबलं होतं, ते बोट ठेवून सांगता येतं.

तिथे मुक्काम केलात तर तंबू उचलताना एवढं करा. खुंट्या मोजून घ्या. बाटल्या, पाकिटं, विझलेल्या शेकोटीशेजारचा कचरा पिशवीत भरून सोबत न्या. ऑगस्टमध्ये ती जागा पाण्याखाली असते, आणि ते पाणी पुढे कुणाच्या तरी शेतात आणि घागरीत जातं.