पुरेसं स्वच्छ

घर रोज लखलखीत दिसलं पाहिजे ही अपेक्षा परंपरेतून आली आहे, असं आपण गृहीत धरतो. मला ते पटत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीला चमक नसतेच. त्या घरांत सकाळी अंगणात सडा पडायचा, केर निघायचा, चूल पोतेऱ्याने सारवली जायची. जळमटं, माळे, फडताळं, गोधड्या यांची पाळी यायची ती नवरात्राच्या आधी, घराचा दसरा काढताना. रोजचं काम कोणतं आणि वर्षाचं कोणतं हे ठरलेलं असे, त्यामुळे माळ्यावरची धूळ भाद्रपदापर्यंत निवांत थांबू शकत होती. या व्यवस्थेचे गोडवे मात्र मी गाणार नाही. ती घरातल्या सुनांच्या कमरेवर उभी होती, आणि घराबाहेरची घाण उपसण्याचं काम जातीच्या नावाने काही माणसांवर लादलेलं होतं.

घराच्या धुळीकडे भीतीने पाहायला आपल्याला शिकवलं ते प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, मग पुण्यात. रोगाचं मूळ घाणीत आहे असा तेव्हा पक्का समज होता. सरकारी पथकं घरांत शिरली, सामान रस्त्यावर आलं, भिंतींना चुना फासला गेला, कार्बोलिक अ‍ॅसिड ओतलं गेलं. लोकांचा संताप किती होता हे २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर झालेल्या हल्ल्याने साऱ्या जगाला कळलं. तो इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच्या पुढच्या वर्षी कराचीत घडलेली गोष्ट सहसा शिकवली जात नाही, आणि माझ्या मते स्वच्छतेचा विचार तिच्यापाशी येऊन बदलायला हवा होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये तिथे प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. त्याचं म्हणणं मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. चुना लावलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या आत उंदीर होते आणि उंदरांवर पिसवा होत्या. घासण्यात अफाट कष्ट गेले, पण घासलं ते भलतंच.

सिमोंचा धडा मागे पडला आणि जंतूंची भीती तेवढी उरली. ती फिनेल आणि साबणाच्या जाहिरातींना फार उपयोगी पडली. त्याच सुमारास अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या ‘द न्यू हाउसकीपिंग’मध्ये कारखान्यातली वेळमोजणी स्वयंपाकघरात आणली. भांडी कुठे ठेवावीत, किती पावलं वाचतात, याचा हिशेब मांडला. हेतू चांगला होता. वाचलेल्या वेळाचं काय झालं, ते रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवलं. पूर्वी गालिचे वर्षातून एकदा-दोनदा बाहेर नेऊन झोडपायचे, आणि त्यात पुरुष आणि मुलंही असत. व्हॅक्यूम क्लीनर आल्यावर गालिचा आठवड्याला साफ होऊ लागला आणि ते काम एकट्या बाईचं झालं. यंत्राने कष्ट हलके केले, पण ‘स्वच्छ’ कशाला म्हणायचं ती रेघच वर सरकवली.

आपल्याकडे शहाबादी फरशी जाऊन पाण्याचा थेंबही दिसेल अशा गुळगुळीत टाइल्स आल्या, तेव्हा हेच घडलं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर पुरुष ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच २६ टक्के होते. ज्या घरांत केर-फरशीला बाई येते तिथे प्रश्न सुटतो असंही नाही. चार घरच्या लाद्या पुसून तिला रात्री स्वतःच्या खोलीत केर काढायचा असतो. वेळ तिच्याकडे सर्वांत कमी.

म्हणून वेळ कमी असताना पहिल्यांदा विचारायचं ते हे, की कोणत्या घाणीने माणूस आजारी पडतो. शोकेसवरच्या धुळीने सहसा नाही (दम्याचा रोगी घरात असेल तर गोष्ट वेगळी). ओट्यावर दिवसभर ओलं राहणारं फडकं, कच्चं मटण चिरलेल्या फळीवरच कापलेली काकडी, संडासातून येऊन न धुतलेले हात, यांनी मात्र पडू शकतो. फडकं रोज धुऊन उन्हात वाळत घालायला दोन मिनिटं लागतात. लादी एक दिवसाआड पुसली तर घरावर कोणतंही संकट येत नाही. हॉल आवरलेला नाही म्हणून पाहुण्यांपुढे माफी मागणाऱ्या बायका मी पाहते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी स्वयंपाकघर सांभाळलेलं असतं, पिण्याचं पाणी झाकलेलं असतं. माफी मागण्यासारखं त्यात काहीच नसतं.

आजार टाळणारं असंच दुसरं काम म्हणजे आठवड्याचा कोरडा दिवस, साठलेलं पाणी काढून टाकण्याचा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासून कोरडे करायचे. आरोग्य खातं हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. रोजच्या फरशीपेक्षा हे काम कितीतरी महत्त्वाचं, पण ते दिसत नाही, म्हणून राहून जातं. रविवारी सकाळी ते घरातल्या पुरुषांनी करावं. बायकोला मदत म्हणून नको, स्वतःचं काम म्हणून, तिने आठवण न करता.