मोड नसलेलं कापड

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळमध्ये ग्राफिक डिझायनर हा शब्द सहसा कानावर पडत नाही. तिथे असतो तो 'डिजिटल'वाला. एक गाळा, दोन संगणक, कोरल ड्रॉ, श्रीलिपीचे फॉन्ट आणि वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंतचे तयार नमुने भरलेली हार्ड डिस्क. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं, मॅटर तोंडी सांगतं, "साहेबांचा फोटो वर गोलात घे, शुभेच्छुकांत आमच्या सगळ्या पोरांचे घे" म्हणतं. संध्याकाळपर्यंत रीपांच्या चौकटीवर ताणलेला बोर्ड चौकात उभा राहतो.

1999 साली तालुका झालेल्या या गावात रोज सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर याच गाळ्यांतून बाहेर पडतो, म्हणून तिथल्या पोराला मी डिझायनर म्हणतो आणि त्याच्या कामाला डिझाइन. कुणाचा चेहरा केवढा, कोण वर, कोण तळाच्या रांगेत, बारशाच्या बोर्डावर आईचं नाव येणार की फक्त आजोबांचं आणि काकांचं, हे सगळं त्याच्या माउसच्या टोकावर ठरतं. गावातली उतरंड तो रोज नव्याने मांडतो. इंटरनेटवरून उचललेला फोटो कुणाचा, फॉन्ट विकत घेतलेला की फुकट उतरवलेला, हे प्रश्नही तिथलेच. पण आज मला त्याहून साधा प्रश्न पडला आहे: बोर्ड उतरल्यावर त्याचं काय होतं?

अशाच एका गाळ्यात मी हे विचारलं होतं. तिथला पंचविशीतला पोरगा म्हणाला, "काका, बोर्ड लागला की आपला विषय संपला." त्यात उद्धटपणा नव्हता. धंदा जसा चालतो तसा तो बोलला.

विषय मात्र तिथून सुरू होतो. हे बोर्ड फ्लेक्सचे असतात, आणि फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेलं पीव्हीसी हे प्लास्टिक. जाळी आणि थर एकमेकांना इतके चिकटलेले असतात की ते वेगळे करून पुन्हा वापरणं जवळजवळ अशक्य. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. म्हणून फ्लेक्स उघड्यावर जाळला तर घसा जाळणारा हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि डायॉक्सिनसारखी, शरीरात वर्षानुवर्षं टिकणारी विषंही निघतात. पत्रा, पुठ्ठा, पितळ आनंदाने नेणारा भंगारवाला फ्लेक्सला हात लावत नाही. आपल्या बोलीत सांगायचं तर फ्लेक्सला मोड नाही.

हा 'मोड' शब्द मला फार मोलाचा वाटतो. पितळी घागर पिचली तर मोडीत जाते, तिचे पैसे येतात, नवी घागर येते. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1958 साली एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं अपार कौतुक केलं आहे. लोटा घडवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या किती गोष्टींचा विचार केला असेल, याची त्यांनी प्रश्नांची मोठी यादीच दिली: हातात कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना आवाज कसा येतो. आणि त्यात मोडीचाही प्रश्न आहे, की वापरून झाल्यावर या धातूला काही किंमत उरेल का. म्हणजे ही संस्था उभी राहण्याआधीच हा प्रश्न कागदावर आला होता. 1964 मध्ये लंडनला केन गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला जाहीरनामा पुष्कळ डिझायनरांना ठाऊक असतो. आपली कला फुटकळ जाहिरातींत वाया जाते आहे, हे त्यांचं दुखणं होतं. ते खरंच होतं, पण लोट्याचा प्रश्न मला आपल्या चौकाच्या जास्त जवळचा वाटतो.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत आता याच तालुक्यातल्या उजेड गावाकडे या. कागदोपत्री हे हिसामाबाद. इथे दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. देवाची नाही, पिराची नाही, गांधीबाबाची. मला या यात्रेचा अभिमान आहे. आणि गांधींची खादीही इथे आहे: याच जिल्ह्यात उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते, नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे तिरंगे तयार होतात.

तिरंगा ही ग्राफिक डिझाइनची वस्तू आहे असं आपण सहसा म्हणत नाही, पण ती आहेच, आणि फार कसून केलेली. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2, चक्राला 24 आरे, मोठ्यात मोठ्या ध्वजापासून टेबलावरच्या छोट्यापर्यंत नेमून दिलेली नऊ मापं. खादीच्या ध्वजाच्या भारतीय मानकात केवळ आकृती नाही. सूत कसं, वीण कशी, कापडाचं वजन किती, रंग उन्हापाण्यात किती टिकला पाहिजे, हेही लिहिलेलं आहे. आणि 2002 च्या ध्वजसंहितेत शेवटही लिहिलेला आहे. फाटलेला, विटलेला ध्वज तुकड्यातुकड्याने टाकायचा नाही, तो खाजगीत, मानाने, पूर्णपणे नष्ट करायचा. लोकांनी हातात धरलेले कागदी झेंडेसुद्धा कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचे नाहीत.

रंग, माप, कापड आणि विल्हेवाट या चारही गोष्टी एकाच रचनेचे भाग आहेत, हे तिथे मान्य केलेलं होतं. 30 डिसेंबर 2021 रोजी संहितेत दुरुस्ती झाली. पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनवलेला झेंडाही चालू लागला. आकृती तीच राहिली. माझ्या मते मात्र डिझाइन बदललं, कारण सुती कापड मातीत मुरतं आणि पॉलिस्टर मुरत नाही. ज्या घरची चूल मागावर चालते, त्या घराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

फलकांबद्दल कायदे नाहीत असं नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 1995 पासून कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबद्दल 2017 मध्ये सविस्तर निकाल दिला. 13 मे 2024 ला घाटकोपरला प्रचंड फलक कोसळून 17 माणसं गेली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी घातली, पण चौकातला फ्लेक्स त्याहून जाड असतो, तो सुटला. केरळने 2019 मध्ये पीव्हीसी फ्लेक्सच बंद केला. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता टाकणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचं आहे. मला वाटतं, वाढदिवसाच्या बोर्डावरही ते असावं. नाव टाकलं की माणूस दहादा विचार करतो.

त्या पोराच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. मशीन कर्जाचं. "मी दहा बाय पंधराला नाही म्हणलो तर ते समोरच्या दुकानात जातेत," तो म्हणाला. खरं आहे. सुती कापडावर छापायची सोय जवळ नाही, असली तरी दर परवडत नाही. आणि कापूसही पाणी पितोच, रंगही कुठेतरी वाहतोच. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, हे विसरून मी कापसाची आरती ओवाळणार नाही. म्हणून मी त्याच्याकडे मोठं काही मागितलं नाही. दरवर्षीच्या यात्रेच्या, जयंतीच्या बोर्डावर साल टाकू नकोस, म्हणजे तोच बोर्ड पुढच्या वर्षी लागेल. दहा बाय पंधरा सांगितला तर आठ बाय दहाचं प्रूफ आधी दाखव, पुष्कळदा ते पसंत पडतं. कायमची पाटी असेल तर पेंटरचं नाव सुचव. रंगवलेली पाटी पुन्हा रंगवता येते. आणि गिऱ्हाइकाला एक विचार: किती दिवस लावणार, आणि मग कुठे ठेवणार? त्याने मान डोलावली. सालाचं त्याला पटलं. आकाराचं पटलं नाही, कारण पैसे चौरस फुटावर मिळतात. तो पेच मला सोडवता आला नाही. रचनेचे वेगळे पैसे घेण्याची रीत आपल्याकडे पडली असती, तर त्याला कापड विकावं लागलं नसतं.

फ्लेक्स वाया जात नाही, असं लोक सांगतात. सोयाबीनच्या बनीमीवर, म्हणजे गंजीवर, टाकतात, गोठ्याला आडोसा करतात, ऊसतोडीची मंडळी कोपीवर घालतात. मीही तसंच म्हणत आलो. ताडपत्री महाग, त्यामुळे ही सोय खरीच आहे. पण ऊन-पावसात त्याचा थर तडकतो, खपल्या निघतात आणि त्या रानातच राहतात. शिवाय प्रत्येक बोर्ड बनीमीवर टाकता येत नाही.

आमचे चुलते अण्णा वारले तेव्हा चुलतभावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बोर्ड केला होता. चांगला झाला होता, अण्णा हसत होते. तेरावं झाल्यावर तो उतरवला. जाळायचा तर अण्णांचा चेहरा परत जाळायचा. गोठ्याला लावायचा तर त्यावर चिखल उडणार. टाकून द्यायचा तर उकिरड्यावरून अण्णा बघणार. काकू म्हणाल्या, "राहू द्या घरातच." तेव्हापासून ती गुंडाळी माळवदाखालच्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे उभी आहे. दर दिवाळीच्या झाडलोटीला काकू ती बाहेर काढतात, ओल्या फडक्याने पुसतात, उलगडत नाहीत, आणि परत जागेवर ठेवतात.