उरलेले औषध कुणाचे?

वस्तू मोजून दिली, पैसे मोजून घेतले, की व्यवहार स्वच्छ झाला असे आपण मानतो. कॅन्सरच्या इंजेक्शनांत मात्र मापे दोन आहेत. औषध विकले जाते ते व्हायलवर, शरीरात जाते ते मिलिग्रॅमवर. या दोहोंतल्या फरकाचा मालक कोण, हे बिलावर लिहिलेले नसते.

स्तनाच्या कॅन्सरवरील ट्रास्टुझुमॅबचेच घ्या. ४४० मिलिग्रॅमची व्हायल आपल्याकडे सर्रास वापरली जाते. मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते: पहिल्या वेळी किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढे दर तीन आठवड्यांनी ६. पन्नास किलो वजनाच्या बाईला आधी ४०० आणि नंतर दर खेपेला ३००. वर्षभराच्या अठरा खेपांत तिला ५,५०० मिलिग्रॅम औषध मिळते. दर खेपेला नवी व्हायल फोडली तर विकत घेतलेले औषध होते ७,९२०. म्हणजे साडेपाच व्हायलींचे औषध उरले. औषधाचे नाव न सांगता हे गणित मी सातवीच्या वर्गाला घातले. उत्तर सगळ्यांचे बरोबर आले. एका मुलीने तेवढे विचारले, "सर, बाकी कहाँ गया?"

फेकून दिले, असे एक उत्तर असते. काही औषधांबाबत ते योग्यही आहे, कारण उघडलेल्या व्हायलमध्ये जंतू गेले तर केमोने खचलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतते. पण या ४४० च्या व्हायलसोबत जे जंतुरोधक पाणी येते, त्यात मिसळलेले औषध २ ते ८ अंश तापमानात २८ दिवस टिकते. पुढची खेप २१ व्या दिवशी असते. नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवले तर त्याच बाईला ते चालते आणि अठराऐवजी चौदा व्हायलींत वर्ष निघते.

आमच्या शेजारच्या खालांच्या बिलावर वर्षभर 'एक व्हायल' हीच ओळ होती. उरलेल्याचे विचारले तर काउंटरवरून उत्तर मिळे, "फोडली की संपली." संपली असेलही. पण फेकणारा, जपून ठेवणारा आणि तेच औषध दुसऱ्याला पुन्हा विकणारा, या तिघांचेही बिल सारखेच दिसते. माझा आक्षेप इथे आहे. त्या बिलात खोटे काही नाही, पण प्रामाणिक माणसालाही स्वतःला वेगळे दाखवायची सोय त्यात नाही.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याने यावर नियम केला. तिथे बिलात औषधाला कोड असतो. एका वेळच्या व्हायलमधले औषध टाकून दिले तर २०१७ पासून 'जेडब्ल्यू' हे चिन्ह लावून ते वेगळ्या ओळीत दाखवावे लागते. काही टाकले नसेल तर जुलै २०२३ पासून 'जेडझेड'. म्हणजे 'काही उरले नाही' हेही लिहूनच द्यायचे. २०२१ च्या कायद्याने तर ठरावीक मर्यादेपलीकडे वाया गेलेल्या औषधाची रक्कम कंपनीकडून परत घेण्याची तरतूद केली. व्हायल केवढी भरायची हे कंपनीच ठरवते ना!

आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरील विक्रीनफा ३० टक्क्यांवर बांधला गेला. ट्रास्टुझुमॅब त्याआधीच किंमत-नियंत्रणाखाली आले होते. हे चांगलेच झाले. पण बांधला गेला तो व्हायलचा भाव; तिच्या तळाशी उरणाऱ्या औषधाला त्या हिशेबात जागा नव्हती.

खरी अडचण पुढे आहे. समजा, एखाद्या सिस्टरने उरलेले १४० मिलिग्रॅम पैसे नसलेल्या दुसऱ्या बाईला मोफत मिळवून दिले. ही चोरी म्हणायची का? माझे मन तसे म्हणायला धजत नाही. तरीही ज्याने दागिने गहाण टाकून ती व्हायल आणली, त्याच्या खिशातून परस्पर दानधर्म करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. औषध रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये असले तरी ती अमानत आहे. विचारले असते तर खालांनी नाही म्हटले नसते, हे मी खात्रीने सांगतो. दिल्याचे समाधान त्यांना मिळाले असते. ते न विचारता काढून घेतले जाते, हे नुकसान कुठल्याच कोडमध्ये बसत नाही.

सिस्टरांना आधीच वेळ नसतो, हे मान्य. पण मात्रा केसपेपरवर लिहिलेली असते, व्हायलचे माप लेबलवर छापलेले असते. लिहायची राहते ती फक्त वजाबाकी, आणि उरलेल्याचे काय केले ते दोन शब्द.