शेजारणीचा हात कीं नमुना?



निर्गमाच्या २५ व्या अध्यायांत मोशेला पर्वतावर निवासमंडपाचा नमुना दाखविण्यांत आला आणि सर्व कांहीं त्याबरहुकूम करावें अशी त्याला आज्ञा झाली, हें आपणांस ठाऊक आहे. पुढील अध्यायांत मंडपाचे १० पडदे सांगितले आहेत. ते पांच पांच जोडून त्यांचे दोन मोठे पडदे करावयाचे. एकाच्या कांठास ५० बिरडीं, दुसऱ्याच्या कांठासहि ५०, आणि तीं सोन्याच्या ५० आकड्यांनीं जोडावयाचीं. एकानें ५० केलीं आणि दुसऱ्यानें अंदाजानें ४९ केलीं असतीं, तर दोघांचे श्रम खरे असूनहि मंडप एक झाला नसता. आज आम्ही या वचनाचा विचार एका लहानशा कामावरून करूं इच्छितों, तें म्हणजे क्रोशाचें विणकाम.

डहाणूकडील एका गांवीं कांहीं भगिनी उपासनेनंतर ओट्यावर बसून क्रोशा शिकत. प्रभुभोजनाच्या मेजासाठीं वाटोळे रुमाल विणावयाचे त्यांनीं ठरविलें. नमुना सोपा होता. पहिल्या फेऱ्यांत १२ खांब, दुसऱ्यांत २४, तिसऱ्यांत ३६, चौथ्यांत ४८. म्हणजे दर फेऱ्यास १२ खांबांची वाढ. ज्यांनीं ही सुई हातीं धरली आहे त्यांस याचें कारण ठाऊक आहे. वाढ राहिली तर रुमाल द्रोणासारखा वळतो, आणि अधिक झाली तर कांठाला झालरीसारख्या चुण्या पडतात. योग्य वाढ झाली तरच तो सपाट बसतो.

त्यांच्यांत जी चांगली शिकलेली होती तिनें नमुना एकदां मोठ्यानें वाचला आणि विणावयास आरंभ केला. बाकीच्यांनीं तिच्या हाताकडे पाहून विणलें. तिसऱ्या फेऱ्यांत तिची वाढ करावयाची राहिली; २४ चे २४ च खांब राहिले. पुढील प्रत्येक फेरा त्या उणिवेवर चढला. तिचें पाहून दुसरीनें तसेंच केलें, दुसरीचें पाहून तिसरीनें. एकीचा रुमाल मात्र निराळा दिसूं लागला. तिला अक्षर येत नव्हतें. परंतु वाचलेलें तिनें मनांत धरिलें होतें, आणि ती दर फेऱ्याला १२ चिंचोके वाढवून खांब मोजीत होती. सर्वांचे रुमाल एकसारखे आणि आपलाच वेगळा, हें पाहून ती लाजली. "ताई, माझेंच चुकलें असेल, मी उसवतें," असें म्हणून तिनें दोरा ओढावयास घेतला. इतक्यांत कोणी तरी सर्व रुमाल मेजावर मांडले. सारे द्रोणासारखे उभे राहिले. तिचा एकटीचा सपाट बसला!

वाचकहो, बरोबर असलेलें काम केवळ वेगळें दिसतें म्हणून उसवलें जाणार होतें. हें आपल्या मंडळ्यांत किती वेळां घडतें! शिकलेला मनुष्य चुकणार नाहीं असें आपण धरून चालतों, आणि त्याची चूक आपलीहि होते. शेजारीण कितीहि भली असो, ती नमुना नव्हे. उपदेशकहि नमुना नव्हे. तो नमुना वाचून दाखविणारा आहे. उपदेशक बंधूंनो, हें आम्ही आपणांस कमी लेखण्यासाठीं म्हणत नाहीं. आपली चूक मेजावर मांडली जाण्यापूर्वीं जी भगिनी चिंचोके मोजून ती दाखविते, ती आपली वैरीण नव्हे.

कोणी म्हणेल, "आम्हांस वाचतां येत नाहीं, आम्ही नमुना कसा समजावा?" भगिनींनो, या डहाणू-तलासरीच्या मुलखांत असें म्हणूं नका. वारली स्त्रिया लग्नाच्या वेळीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढतात, आणि त्याला चौक लिहिणें असें म्हणतात. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं हीच रेघ जगापुढें नेली आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. क्रोशाचे नमुनेहि पुष्कळदां खुणांनींच लिहिलेले असतात. साखळीसाठीं लहान पोकळ ठिपका, खांबासाठीं उभी रेघ व तिला आडवी रेघ. ज्या हातांना चौकांतील वर्तुळ व त्रिकोण कळतात, त्यांस हें जड नाहीं.

मात्र खुणांचा अर्थ आधीं पाहावा. इंग्लंडांतील पुस्तकांत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच अमेरिकेंतील पुस्तकांत सिंगल क्रोशे म्हणतात. पुस्तक कोठलें हें न पाहतां विणणारी खूप श्रम करूनहि भलतेंच करिते. शास्त्र वाचतांनाहि हें लेखन कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिलें हें आधीं विचारावें.

या गोष्टींत पोटाचाहि प्रश्न आहे. आंध्रांतील नरसापूरच्या आसपास एकोणिसाव्या शतकांत मिशनरी कुटुंबांनीं स्त्रियांस क्रोशाची लेस शिकविली. तो धंदा परदेशापर्यंत गेला, आणि २०२४ सालीं त्या लेसला भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु मारिया मीस या विदुषीनें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, घरीं बसून लेस विणणाऱ्या स्त्रियांस फारच थोडी मजुरी मिळे व लाभ व्यापाऱ्यांकडे जाई. या कामाला घरच्या बाईचा फावला उद्योग समजत. कित्येक जणी एकेक तुकडाच विणीत. सबंध वस्तु कोठें जाते व तिचें मोल काय, हें त्यांस कळत नसे. मजुरांची अडविलेली मजुरी ओरडते असें याकोब आपल्या पत्रांत बजावतो. जिला सबंध नमुना वाचतां येतो व लागलेलें सूत आणि वेळ मोजतां येतो, तिला आपल्या श्रमाचें मोल मागतां येतें.

यास्तव जेथें जेथें भगिनी क्रोशा घेऊन बसतात, तेथें चार गोष्टी कराव्या. नमुना प्रत्येक फेऱ्याच्या आरंभीं मोठ्यानें वाचावा. प्रत्येकीनें आपले खांब आपण मोजावे. चूक दिसेल त्याच दिवशीं उसवावी. कारण तिसऱ्या फेऱ्यांतील चूक चौथ्यांत उसवणें सोपें, बाराव्यांत फार कठीण. आणि सूत किती लागलें व तास किती गेले हें वहींत लिहून ठेवावें.

उसवलेलें सूत वायां जात नाहीं. तेंच पुन्हां विणतां येतें. पश्चात्तापाविषयीं याहून सोपा दृष्टांत आम्हांस ठाऊक नाहीं. यापो येथील टबीथेनें केलेलीं वस्त्रें तिच्या मरणानंतर विधवांनीं रडत रडत पेत्राला दाखविलीं, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायांत आहे. आपल्याहि हातचें काम असेंच कोणी तरी एके दिवशीं उजेडांत धरून पाहील. तें नमुन्याप्रमाणें ठरावें म्हणून प्रभु आपणांस मोजण्याची बुद्धि आणि उसवण्याचें धैर्य देवो. आमेन.